जगाच्या यादीत आपला नंबर कुठं? बॉइंकच्या आकडेवारीत स्वतःला शोधताना

"मामा, मी यादीत कुठंच नाही. चार रात्री लॅपटॉप चालू ठेवलाय, बघा की जरा."

मिरजेहून भाचीचा फोन आला तेव्हा मी सांगलीत विश्रामबागेत घरीच होतो. परीक्षा संपल्यावर तिनं आइन्स्टाइन अ‍ॅट होम या खगोलशास्त्राच्या प्रकल्पात नाव घातलं होतं. रात्री लॅपटॉप चार्जिंगला लावायचा आणि झोपताना गणित सुरू करून द्यायचं. पाचव्या दिवशी तिनं उत्साहानं स्वतःचं नाव शोधलं आणि मिळालंच नाही. तिला वाटलं, आपलं काम वाया गेलं. काम वाया गेलेलं नव्हतं. फक्त ते कुठं नोंदलं जातं आणि कधी दिसतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी फोनवर तिला जे सांगितलं, तेच इथं सविस्तर लिहितोय. सातारा-सांगलीकडची बरीच मुलं आता या कामात येऊ लागली आहेत आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्यांची गाडी नेमकी इथंच अडते.

ज्यांना हा प्रकार अगदी नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे इर्जिक असते. एकाचं रान नांगरायचं असलं की सगळे आपापली बैलं घेऊन येतात आणि एका दिवसात काम उरकतं. स्वयंसेवी संगणन म्हणजे जगभरच्या संगणकांची इर्जिक. शास्त्रज्ञांकडे मोजायला डोंगराएवढी माहिती असते. तिचे लहान तुकडे करून ते आपल्या घरच्या संगणकाकडे पाठवतात, आपला संगणक रिकाम्या वेळात गणित करतो आणि उत्तर परत पाठवतो. १७ मे १९९९ला बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून परग्रहांवरच्या बुद्धिमान जीवांचे रेडिओ संकेत शोधणारं सेटी अ‍ॅट होम सुरू झालं आणि ही कल्पना घराघरांत पोचली. पुढं त्याच विद्यापीठात सगळ्या प्रकल्पांना वापरता येईल असं सॉफ्टवेअर तयार झालं, त्याचं नाव बॉइंक. रोझेटा अ‍ॅट होम, एलएचसी अ‍ॅट होम, वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड, आइन्स्टाइन अ‍ॅट होम हे सगळे बॉइंकवर चालतात. त्यामुळं एका प्रकल्पात आपला क्रमांक शोधायला शिकलात की बाकीच्यांत फारसं अडत नाही.

आधी बघा आपल्याच यंत्रावर

नवा माणूस थेट इंटरनेटवरच्या मोठ्या याद्यांत शिरतो आणि हरवतो. सुरुवात स्वतःच्या यंत्रावरून करा. बॉइंक मॅनेजर उघडलं की बहुतेकांना साधा, चित्रांचा दर्शनी भाग दिसतो. वरच्या 'व्ह्यू' मेनूत जाऊन 'अ‍ॅडव्हान्स्ड व्ह्यू' निवडा. आता 'प्रोजेक्ट्स' नावाचा टॅब दिसेल. तिथं प्रकल्पाच्या ओळीत तुमच्या खात्याचं नाव, संघाचं नाव, 'वर्क डन' आणि 'अ‍ॅव्हरेज वर्क डन' असे रकाने असतात. 'वर्क डन' म्हणजे आजपर्यंत जमा झालेलं एकूण क्रेडिट, केलेल्या कामाचे गुण. 'अ‍ॅव्हरेज वर्क डन' म्हणजे अलीकडची सरासरी, तिच्याबद्दल पुढं सावकाश बोलू.

इथं शून्य दिसत असेल तर यादीत नाव शोधत बसू नका. ओळ निवडून डावीकडचं 'अपडेट' बटण दाबा. म्हणजे तुमचं यंत्र प्रकल्पाच्या सर्व्हरशी बोलेल आणि तिथला ताजा आकडा घेऊन येईल. बॉइंक मॅनेजर स्वतः काही मोजत नाही. सर्व्हरनं शेवटच्या वेळी जे सांगितलं तेच ते दाखवतं.

त्याच खिडकीत 'स्टॅटिस्टिक्स' टॅबही आहे. तिथं आलेख दिसतात आणि चार बटणं असतात: 'शो यूजर टोटल', 'शो यूजर अ‍ॅव्हरेज', 'शो होस्ट टोटल', 'शो होस्ट अ‍ॅव्हरेज'. यूजर म्हणजे तुमचं सगळं खातं. होस्ट म्हणजे फक्त हे समोरचं यंत्र. घरात दोन लॅपटॉप एकाच खात्यावर चालत असतील तर यूजरचा आकडा होस्टपेक्षा मोठा दिसणार, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

गेलेला ऊस आणि जमा झालेलं बिल

भाचीच्या बाबतीत खरी गोम इथं होती. तिनं सहा टास्क, म्हणजे कामाचे तुकडे, पूर्ण करून पाठवले होते, तरी क्रेडिट शून्य. तिला म्हटलं, प्रकल्पाच्या संकेतस्थळावर लॉगिन कर, तुझ्या खात्याचं पान उघड आणि 'टास्क्स' वर क्लिक कर. तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं, "कम्प्लीटेड, व्हॅलिडेशन पेंडिंग. सहाच्या सहा ओळींपुढं हेच लिहिलंय." म्हणजे काम झालं, पडताळणी बाकी.

ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना हे लगेच कळेल. ट्रॉली काट्यावर गेली, वजन झालं, पावती हातात आली, पण बिल खात्यावर जमा व्हायला दिवस जातात. इथंही तसंच. बरेच प्रकल्प एकच काम दोन वेगवेगळ्या माणसांच्या संगणकांना देतात. दोघांची उत्तरं आली आणि ती जुळली, तरच दोघांना क्रेडिट मिळतं. तुमचं उत्तर सोमवारी पोचलं आणि जोडीदार जर्मनीत सुट्टीवर गेलेला असला, तर त्याचं यंत्र सुरू होईपर्यंत किंवा त्याची मुदत संपून ते काम तिसऱ्याला जाईपर्यंत तुम्ही थांबायचं. यात तुमचं काहीही चुकलेलं नसतं.

ही दोघांची पद्धत मला फार मोलाची वाटते, त्याचं कारणही सांगतो. ऑगस्ट २०१०मध्ये आइन्स्टाइन अ‍ॅट होमनं आपला पहिला रेडिओ पल्सार जाहीर केला, पीएसआर जे२००७+२७२२. पल्सार म्हणजे स्वतःभोवती गरगर फिरत ठराविक ठेक्यात रेडिओ लहरी पाठवणारा मेलेल्या ताऱ्याचा गाभा. पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीनं घेतलेली माहिती होती. तो सापडला अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका जोडप्याच्या संगणकावर, आणि दुजोरा मिळाला तो जर्मनीतल्या माइन्झ शहरातल्या एका स्वयंसेवकाच्या संगणकावरून. एकच काम दोघांकडे गेलं होतं म्हणून शोधाचं श्रेय दोन्हीकडे गेलं. 'व्हॅलिडेशन पेंडिंग' ही ओळ दिसली की मला त्या जोडीची आठवण येते. तुमचाही कुठंतरी असा एक अनोळखी जोडीदार आहे आणि तुम्ही त्याची वाट बघताय.

याच यादीत लाल अक्षरांत किंवा 'एरर' म्हणून काही ओळी दिसल्या तर मात्र लक्ष द्या. एखाददुसरी चालते. सगळ्याच तशा असतील तर यंत्र जास्त तापतंय का ते आधी बघा. एप्रिल-मेत सांगलीत बंद खोलीत, गादीवर ठेवलेला लॅपटॉप रात्रभर गणित करू शकत नाही. तो लाकडी टेबलावर ठेवा, खालून हवा जाऊ द्या आणि बॉइंकच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरचे निम्मेच कोअर वापरायला सांगा. वेग कमी होईल, पण उत्तरं बरोबर येतील.

खात्याचं पान: इथून तीन गोष्टी वहीत लिहून घ्या

प्रकल्पाच्या संकेतस्थळावर तुमच्या खात्याच्या पानावर 'टोटल क्रेडिट' आणि 'रीसेंट अ‍ॅव्हरेज क्रेडिट' दिसतं. त्याशिवाय तीन गोष्टी टिपून ठेवा: तुमचा यूजर आयडी, संगणकाचा होस्ट आयडी आणि क्रॉस-प्रोजेक्ट आयडी.

यूजर आयडी हा त्या प्रकल्पापुरता साधा क्रमांक असतो. नावापेक्षा तो भरवशाचा, कारण बॉइंकमध्ये एकाच नावाची कितीही खाती असू शकतात. 'राहुल' म्हणून शोधलंत तर पानंच्या पानं राहुल निघतील. क्रॉस-प्रोजेक्ट आयडी ही ३२ अक्षर-अंकांची लांबलचक ओळ असते, ती सगळ्या प्रकल्पांत मिळून तुमची ओळख. ती हातानं लिहू नका, कॉपी करून ठेवा. एक अक्षर चुकलं की शोध फसतो.

पण याच भागात 'अकाउंट की' नावाचीही एक ओळ असते. ती म्हणजे खात्याची किल्ली आहे. स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकताना ती त्यात येणार नाही याची खात्री करा. क्रॉस-प्रोजेक्ट आयडी चारचौघांत दाखवायला हरकत नाही, किल्ली नाही. तसंच खात्याचं नाव म्हणून मोबाईल नंबर टाकू नका. ते नाव जगभर दिसतं.

देश हा रकानाही तपासा. खातं उघडताना तो रिकामा सोडला असेल तर देशाच्या यादीत तुम्ही कधीच दिसणार नाही. प्रोफाइल बदलायच्या पानावर जाऊन 'इंडिया' निवडा.

आता क्रमांक. प्रकल्पाच्या पानावर 'टॉप पार्टिसिपंट्स' नावाची यादी असते. ती वरून सुरू होते, म्हणून नवख्या माणसाला तिचा उपयोग नाही. पहिल्या पानावर कोण आहेत ते एकदा बघून घ्या आणि पुढं जा. स्वतःचा नेमका क्रमांक बघायचा तर आकडेवारी गोळा करणाऱ्या संकेतस्थळांकडे वळावं लागतं.

बॉइंकस्टॅट्सवर नाव का सापडत नाही

बॉइंकस्टॅट्स आणि फ्री-डीसी ही त्यातली जुनी, भरवशाची ठिकाणं. यांचं काम असं चालतं: प्रत्येक प्रकल्प ठराविक वेळानं, साधारण रोज एकदा, सगळ्या सभासदांच्या क्रेडिटच्या फायली जाहीर करतो. ही संकेतस्थळं त्या उतरवून घेतात, क्रम लावतात आणि दाखवतात. म्हणजे तुमचा आकडा आधी प्रकल्पाच्या सर्व्हरवर बदलतो, मग फायलीत येतो, मग इथं. तिन्ही ठिकाणी एकाच वेळी एकच आकडा दिसेल ही अपेक्षा ठेवू नका. तफावत असली तर प्रकल्पाच्या स्वतःच्या पानावरचा आकडा खरा धरा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ही एक खूण राहिली म्हणून कितीतरी जण महिनोन्‌महिने यादीबाहेर राहतात. युरोपात मे २०१८पासून वैयक्तिक माहितीचा नवा कायदा लागू झाला. तेव्हापासून बॉइंकच्या प्रकल्पांत, तुमची माहिती बाहेरच्या आकडेवारीच्या संकेतस्थळांना द्यायची का, अशी तुमची संमती विचारतात. हा प्रश्न खात्याच्या प्रेफरन्सेसमध्ये असतो, प्रकल्पाच्या किंवा गोपनीयतेच्या पानावर. तिथं संमतीची खूण नसेल तर तुमचं काम चालू राहतं, क्रेडिटही जमा होतं, पण बाहेर पाठवायच्या फायलीत तुमचं नाव जात नाही. भाचीनं लॉगिन करून बघितलं तर तिची चौकट रिकामीच होती. खातं उघडताना घाईत पुढं गेली होती.

खूण करा, खाली जाऊन 'सेव्ह' किंवा 'अपडेट' दाबा आणि दोन दिवस थांबा. पुढची फाईल निघायला एक दिवस, ती उचलली जायला आणखी एखादा. क्रेडिट शून्य असेल तर मात्र खूण करूनही उपयोग नाही, म्हणून आधी टास्कचं पान बघायला सांगितलं. हा क्रम चुकवू नका: आधी क्रेडिट आहे का, मग संमती आहे का, मग शोध.

बॉइंकस्टॅट्सवर शोधताना आधी प्रकल्प निवडा, मग शोधायच्या चौकटीत नाव टाका. नावं ढीगभर आली तर देश आणि क्रेडिटचा आकडा जुळवून आपली ओळ ओळखा. नाहीतर सरळ क्रॉस-प्रोजेक्ट आयडी टाका, तो तुमच्या एकट्याचाच असतो. पान सापडलं की ब्राउझरमध्ये बुकमार्क करून ठेवा, म्हणजे रोज नव्यानं शोधायला नको.

पाऊस आणि पाणीपातळी

पान उघडलं की अनेक क्रमांक दिसतात आणि माणूस गोंधळतो. एकूण क्रेडिटवर जगातला क्रमांक, अलीकडच्या सरासरीवर जगातला क्रमांक, देशातला, संघातला. भाचीनं विचारलं, "मामा, यातला माझा कुठला?" सगळेच तिचे. पण प्रत्येक वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि आपल्याला कोणता प्रश्न पडलाय ते आधी ठरवावं लागतं.

पावसाळ्यात आपल्याकडं रोज सकाळी दोन प्रकारचे आकडे वाचतात. कोयनानगर, नवजा, महाबळेश्वरला १ जूनपासून किती मिलिमीटर झाला, हा एक. आणि आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी किती फूट, हा दुसरा. पहिला आकडा फक्त वाढतो. पाऊस थांबला तर तो तिथंच राहतो, कमी कधी होत नाही. दुसरा चढतो आणि उतरतो. ४० फुटांना इशारा आणि ४५ला धोका, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं, कारण आज रात्री सामान वर हलवायचं की नाही हे पातळी सांगते, एकूण पाऊस नव्हे.

'टोटल क्रेडिट' म्हणजे एकूण पाऊस. 'रीसेंट अ‍ॅव्हरेज क्रेडिट', ज्याला सगळे आरएसी म्हणतात, म्हणजे पाणीपातळी. तुम्ही सध्या रोज साधारण किती क्रेडिट मिळवताय हे ते सांगतं, आणि त्यात जुन्या कामाचं वजन दर आठवड्याला निम्मं होत जातं.

याचा हिशेब एकदा समजून घ्या, म्हणजे पहिला महिना मन शांत राहील. समजा तुमचं यंत्र रोज नेमकं ४०० क्रेडिट मिळवतं. तरी पहिल्या दिवशी आरएसी ४०० दिसणार नाही. आठवड्यानं ते २००च्या आसपास येईल, दोन आठवड्यांनी ३००, तीन आठवड्यांनी ३५० आणि चार आठवड्यांनी ३७५. म्हणजे खरा वेग दिसायला जवळपास महिना लागतो. उतरतानाही हीच चाल. यंत्र बंद पडलं, गावी गेलात, वीज नव्हती, तर आठवड्यात आकडा निम्म्यावर येतो. आठवडाभर बंद ठेवून परत आल्यावर क्रमांक हजारांनी घसरलेला बघून एका ओळखीच्या मुलानं खातंच सोडून दिलं होतं. त्याचं एकूण क्रेडिट जिथल्या तिथं होतं. पातळी उतरली होती, पाऊस पुसला गेला नव्हता. त्याला हे आधी कुणी सांगितलं असतं तर तो टिकला असता, याची मला आजही हळहळ वाटते.

माझा सल्ला असा: पहिला महिना फक्त 'टोटल क्रेडिट'चा क्रमांक बघा, दुसऱ्या महिन्यापासून आरएसीचा. एकूण क्रेडिटच्या यादीत सुरुवातीला तुम्ही झपाट्यानं वर चढता, कारण त्या यादीत वर्षांपूर्वी एक-दोन दिवस काम करून सोडून दिलेले असंख्य लोक तसेच पडून असतात. पुढं मात्र चढण लागते. वरची माणसं कित्येक वर्षं रोज काम करत आलेली आहेत. त्यांच्याशी बरोबरी दोन महिन्यांत होत नाही. आरएसीच्या यादीत मात्र सध्या राबणाऱ्यांशीच तुमची तुलना होते, म्हणून ती जास्त न्याय्य.

क्रमांक सांगताना एकूण संख्याही सांगा. 'माझा नंबर १२,४००' हे ऐकून कुणाला काही कळत नाही. समजा यादीत ८०,००० लोक असतील तर १२,४०० ला ८०,००० नं भागून १०० नं गुणा, साडेपंधरा येतात. म्हणजे तुम्ही वरच्या १६ टक्क्यांत आहात. घरात आईला सांगायचं तर हा आकडा सोपा पडतो.

क्रेडिट म्हणजे नेमकं किती काम?

क्रेडिटच्या एककाला कॉबलस्टोन म्हणतात, सेटी अ‍ॅट होममधल्या जेफ कॉब यांच्यावरून. सेकंदाला १०० कोटी दशांश गणितं करणारं यंत्र दिवसभर चालवलं तर २०० क्रेडिट, अशी त्याची व्याख्या. पण प्रत्यक्षात प्रकल्पागणिक क्रेडिट देण्याची पद्धत वेगळी आहे, आणि ग्राफिक्स कार्डवर चालणारी कामं साध्या प्रोसेसरच्या कितीतरी पट क्रेडिट मिळवून देतात. म्हणून रोझेटामधले ५,००० आणि दुसऱ्या एखाद्या ग्राफिक्स कार्डच्या प्रकल्पातले ५,००० एकाच तागडीत घालू नका. सगळ्या प्रकल्पांची बेरीज करून लावलेली 'कम्बाइन्ड' यादीही याच कारणानं मोठी कार्डं असलेल्यांच्या बाजूनं झुकलेली असते. साध्या लॅपटॉपवाल्यानं एका प्रकल्पातला क्रमांक बघावा.

वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडमध्ये आणखी एक घोळ होतो. त्यांच्या पानावर पॉइंट्स दिसतात आणि बॉइंकमध्ये क्रेडिट. बॉइंकचं १ क्रेडिट म्हणजे तिकडचे ७ पॉइंट्स. सातनं भागलंत की दोन्ही आकडे जुळतात. त्या प्रकल्पात पॉइंट्सशिवाय किती वेळ यंत्र चाललं आणि किती उत्तरं परत पाठवली यांवरही क्रम लावतात. जुनं यंत्र असणाऱ्याला वेळेचा क्रमांक बघून हुरूप येतो.

एकाच माणसाच्या दोन ओळी

दोन प्रकल्पांत भाग घेणाऱ्यांचं बेरजेच्या यादीत नाव कधीकधी दोनदा येतं, अर्धं क्रेडिट इकडं, अर्धं तिकडं. कारण बहुधा ईमेल. क्रॉस-प्रोजेक्ट आयडी ईमेलच्या आधारानं बनतो. एका ठिकाणी कॉलेजचा ईमेल आणि दुसरीकडं घरचा दिलात, तर बॉइंकच्या दृष्टीनं तुम्ही दोन माणसं झालात. दोन्हीकडं अगदी एकच ईमेल ठेवा आणि किमान एक यंत्र दोन्ही प्रकल्पांना जोडलेलं असू द्या. ते यंत्र एका प्रकल्पाचा आयडी दुसऱ्याकडं पोचवतं आणि काही दिवसांत दोन ओळींची एक होते. तुमचा ईमेल यादीत कुणाला दिसत नाही.

विंडोज पुन्हा टाकलं की एकाच लॅपटॉपचे दोन होस्टही दिसू लागतात. त्यानं तुमच्या खात्याच्या क्रमांकावर परिणाम होत नाही, पण यंत्राचा क्रमांक विभागला जातो. खात्यातल्या संगणकांच्या यादीतून ते यंत्र उघडा, तिथं 'मर्ज' करायची सोय असते.

संघाबद्दल एवढंच: ज्या दिवशी संघात जाल, त्या दिवसापासूनचं क्रेडिट संघाच्या खात्यात धरलं जातं, आधीचं नाही. कॉलेजचा किंवा गावच्या मित्रांचा संघ काढायचा असेल तर पहिल्याच आठवड्यात काढा.

फोल्डिंग अ‍ॅट होम बॉइंकवर चालत नाही, त्यामुळं ते या याद्यांत शोधू नका. त्याची आकडेवारी त्यांच्याच संकेतस्थळावर, तुम्ही दिलेल्या नावानं आणि संघाच्या क्रमांकानं मिळते. तिथं पासकी, म्हणजे तुमची ओळख पटवणारी खास किल्ली, घ्यायला विसरू नका. ती असली आणि १० कामं नीट पूर्ण झाली की लवकर परत केलेल्या कामाला जादा गुण मिळू लागतात. नाव तेच ठेवून पासकी नंतर टाकणाऱ्यांचे सुरुवातीचे जादा गुण हुकतात.

क्रमांकाच्या नादात वीजबिल

हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. चढणारा क्रमांक बघून मुलं यंत्र चोवीस तास चालू ठेवतात. लॅपटॉप या कामासाठी जास्तीचे ४० वॅट घेत असेल आणि रोज ८ तास चालत असेल, तर महिन्याला साधारण १० युनिट. एवढं बहुतेक घरांना झेपतं. ग्राफिक्स कार्डचा डेस्कटॉप २५० वॅट घेऊन ८ तास चालला तर महिन्याला ६० युनिट. घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढं दर चढतो, म्हणून आधीच ऐंशी-नव्वद युनिट वापरणाऱ्या घरात हे ६० युनिट महागाच्या पायरीवर जातात. आई-वडिलांना आधी विचारा. बॉइंकमध्ये वेळ ठरवून देता येते, रात्री ११ ते सकाळी ७ असं. तेवढं केलं तरी आरएसी स्थिर राहतं, कारण रोज सारखंच काम होतं, आणि क्रमांक बघायलाही सोपं जातं.

भाचीनं तेच केलं. शिवाय एक वही घातली: तारीख, एकूण क्रेडिट, आरएसी, जगातला क्रमांक, देशातला क्रमांक. दर रविवारी सकाळी एक ओळ. रोज बघत बसण्यापेक्षा आठवड्याची ओळ चढउतार नीट दाखवते. तिचा प्रकल्प लायगो या अमेरिकेतल्या वेधशाळांच्या गुरुत्वीय लहरींच्या माहितीतही शोध घेतो, आणि लायगोची भारतातली वेधशाळा आपल्याच राज्यात, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याजवळ उभी राहणार आहे, हे कळल्यावर तिनं वहीच्या पहिल्या पानावर महाराष्ट्राचा नकाशा काढून मिरज आणि औंढा अशी दोन टिंबं दिलीत.

संमतीची खूण केल्यापासून तिसऱ्या दिवशी तिचं नाव बॉइंकस्टॅट्सवर आलं. सहापैकी चार टास्क तोवर मंजूर झाले होते. फोनवर तिनं क्रमांक आधी नाही सांगितला. म्हणाली, "मामा, दोन अजून पेंडिंग आहेत. जोडीदार कुठला आहे ते दिसतं का हो?"

दिसतं. टास्कच्या पानावर वर्कयुनिटच्या, म्हणजे मूळ कामाच्या, क्रमांकावर क्लिक करा. तेच काम कोणत्या यंत्राकडं गेलंय ते तिथं येतं, आणि त्या माणसानं आपले संगणक दाखवायला परवानगी दिली असेल तर त्याचं नाव आणि देशही कळतो.